सॅमनसाठी ल्यूर आणि गळ निवडताना: रंगाचा प्रश्न सगळ्यात शेवटी

सिॲटल, टकोमा किंवा व्हँकुव्हरमधल्या मासेमारीच्या कुठल्याही मोठ्या दुकानात शिरलात, की एक अख्खी भिंत ल्यूरनी झाकलेली दिसते. ल्यूर म्हणजे कृत्रिम आमिष. धातूचे, प्लास्टिकचे, लाकडाचे. चमकणारे, ठिपक्यांचे, अंधारात उजळणारे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला या भिंतीसमोर कधीमधी मराठीही कानावर येतं. मालवण-देवगडच्या खडकांवर नाही तर मांडवीच्या काठावर लहानपणी गरवायला बसलेली माणसं नोकरीसाठी इथं आली, की इथला समुद्र त्यांना गप्प बसू देत नाही. आणि मग ती सगळ्यात आधी विचारतात, "सध्या कुठला रंग चालतोय?"

हा प्रश्न रास्त आहे, पण त्याचा नंबर पाचवा. त्याच्या आधी चार प्रश्न येतात: कोणता सॅमन धरायचाय, तो सध्या काय खातोय, किती खोल आहे, आणि ल्यूर किती वेगाने ओढायचा. या चारांची उत्तरं जुळली तर रंग थोडा इकडेतिकडे झाला तरी मासा लागतो. ती चुकली तर जगातला सगळ्यात देखणा ल्यूर दिवसभर नुसता पाण्यात फिरत राहतो. गळाकडे तर बहुतेकांचं लक्षच नसतं. पाकिटात जो आला तो चालवला जातो. माझ्या मते गळाची निवड ल्यूरइतकीच महत्त्वाची आहे, कारण इथल्या पाण्यात गळाने मासा नुसता धरून चालत नाही. अनेकदा तोच मासा जिवंत सोडावा लागतो.

हा लेख उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याबद्दल आहे. मुख्यतः वॉशिंग्टन राज्यातलं प्युजेट साउंड, हुआन दे फुकाची सामुद्रधुनी आणि ब्रिटिश कोलंबियातली जॉर्जियाची सामुद्रधुनी. आपल्या बाजारात ‘इंडियन सॅमन’ म्हणून मिळणारा रावस वेगळ्याच कुळातला आहे. त्याच्या सवयींवरून इथं अंदाज बांधू नका.

समुद्रातला सॅमन भुकेला असतो

पॅसिफिक सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्या नदीत येऊन मरतो. गोड्या पाण्यात शिरल्यावर त्याचं खाणं जवळपास थांबतं. नदीत तो ल्यूरवर झडप घालतो ती चिडून, सवयीने किंवा आपली जागा राखण्यासाठी. समुद्रातलं गणित निराळं. तिथे त्याला परतीच्या प्रवासासाठी आणि अंड्यांसाठी अंगावर चरबी चढवायची असते, म्हणून तो दिवसचे दिवस खात असतो. नदीतले भडक, खिजवणारे ल्यूर खाऱ्या पाण्यात फारसे उपयोगाचे नाहीत ते यामुळेच. इथे ल्यूर त्याच्या जेवणासारखा दिसला पाहिजे, आणि त्याहून जास्त म्हणजे जेवणासारखा हलला पाहिजे.

मधली एक अवस्थाही आहे. नदीच्या मुखाशी येऊन थांबलेल्या, पिकत चाललेल्या माशाची भूक सरत आलेली असते, पण चीड शाबूत असते. कॅम्पबेल रिव्हर या गावी १९२४ पासून टायी क्लब ऑफ ब्रिटिश कोलंबिया नावाचा क्लब आहे. नदीच्या मुखाशी वल्ह्यांच्या होडीतून, कृत्रिम ल्यूर, एकच बिनकाट्याचा (टोकामागे उलटा काटा नसलेला) गळ आणि जास्तीत जास्त २० पौंडांची दोरी वापरून ३० पौंड किंवा त्याहून मोठा चिनूक (सॅमनची सगळ्यात मोठी जात) धरला, तर तिथे सभासदत्व मिळतं. तिथले लोक मोठे प्लग (माशासारखे ठोकळे) आणि मोठे स्पून (वाकवलेले धातूचे पत्रे) वापरतात. त्या माशाला खायला घालायचं नसतं. त्याच्या जागेत कोणीतरी घुसलंय असं त्याला वाटायला हवं असतं.

कोणता सॅमन?

चिनूक सगळ्यात मोठा. अमेरिकेत त्याला किंग म्हणतात, ब्रिटिश कोलंबियात स्प्रिंग. उजेड त्याला फारसा मानवत नाही. पहाटे तो वर असतो, ऊन चढलं की खाली जातो आणि बऱ्याचदा तळाला धरून फिरतो. साठ फुटांपासून दोनशे फुटांपर्यंत त्याला शोधावं लागतं. तो मासे खातो, आणि मोठा घास घ्यायला कचरत नाही.

कोहो चपळ आणि उतावळा. तो वरच्या थरात जास्त सापडतो, वेगाने जाणाऱ्या ल्यूरमागे धावतो, लागला की पाण्याबाहेर उड्या मारतो आणि स्वतःभोवती गरगर फिरतो. त्याचं तोंड चिनूकपेक्षा मऊ असतं. ही गोष्ट गळाच्या वेळी पुन्हा उपयोगी पडेल.

पिंक लहान असतो आणि त्याचं आयुष्य नेमकं दोन वर्षांचं. प्युजेट साउंड आणि फ्रेझर नदीकडे तो मोठ्या संख्येने येतो ते विषम वर्षी: २०२१, २०२३, २०२५. सॉकाय मुख्यतः क्रिल आणि तत्सम बारीक जीव खातो. क्रिल म्हणजे दिसायला आपल्या जवळ्यासारखा प्राणी. म्हणून सॉकायसाठी ल्यूर छोटा, गुलाबी आणि अगदी सावकाश चालणारा हवा. पाचवा चम, तो शरद ऋतूत उशिरा येतो आणि त्याच्यासाठी वेगळी तयारी करणारे लोक थोडेच.

ताटात काय आहे?

इथल्या चिनूक आणि कोहोचं रोजचं अन्न चार-पाच प्रकारांत बसतं. हेरिंग हा आपल्या तारलीच्या नात्यातला मासा: रुंद, चपट्या अंगाचा, रुपेरी. सँड लान्सला इथले लोक कँडलफिश किंवा नीडलफिश म्हणतात. तो बारीक, लांबट असतो आणि वाळूत घुसून लपतो. अँचोव्ही म्हणजे मांदेलीच्या कुळातला मासा. त्याशिवाय माकूल आणि क्रिल.

यातला कोणता मासा सध्या खाल्ला जातोय हे ठरवलं, की ल्यूरचा आकार आणि लांबी आपोआप ठरते. तळाच्या वाळूवर सँड लान्स असतील तर तीन-साडेतीन इंचांचा अरुंद स्पून. मोठे हेरिंग असतील तर चार-पाच इंचांचा रुंद स्पून किंवा प्लग. हिवाळ्यात प्युजेट साउंडमध्येच राहणाऱ्या चिनूकला ‘ब्लॅकमाउथ’ म्हणतात. तो वाळूच्या उतारांवर सँड लान्स टिपत फिरतो, तेव्हा तिथे बोटभर अरुंद स्पून तळाजवळून ओढणं हाच जुना, खात्रीचा मार्ग आहे.

अन्न ओळखायचे दोन सोपे उपाय आहेत. एक, बोटीवरच्या सोनारवर, म्हणजे आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्रावर, लहान माशांचे थवे कुठे आणि किती खोल दिसतात ते पाहणं. दुसरा, पहिला ठेवण्याजोगा मासा धरला की साफ करताना त्याचं पोट उघडून पाहणं. आत चार इंचांचे हेरिंग निघाले आणि तुमच्या दोरीला सहा इंचांचा प्लग असेल, तर तो तिथल्या तिथे बदला. दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा त्या पोटातला पुरावा ताजा असतो.

स्पून, हूची, प्लग, जिग

बहुतेक सॅमन मासेमारी ट्रोलिंगने होते, म्हणजे हळू चालणाऱ्या बोटीमागे ल्यूर ओढत न्यायचा. खोल न्यायला डाउनरिगर लागतो: बोटीच्या कडेला बसवलेलं रहाट, त्यावर पोलादी तार आणि तारेच्या टोकाला दहा ते पंधरा-वीस पौंडांचा गोळा. तुमची दोरी या तारेला चिमट्याने अडकवलेली असते. मासा लागला की चिमटा सुटतो आणि मासा थेट तुमच्या दोरीवर येतो.

स्पून हा धातूचा वाकवलेला पत्रा. पाण्यातून जाताना तो डावी-उजवीकडे डोलतो आणि उजेड फेकतो. त्याची हालचाल त्याच्या स्वतःच्या आकारातून येते, म्हणून नवशिक्यासाठी मी आधी स्पूनच सुचवतो. दोरी नीट बांधली आणि वेग बरा ठेवला की तो आपलं काम करतो. पातळ पत्र्याचा स्पून मंद वेगातही डोलतो. जाड पत्र्याला वेग लागतो, आणि वेग फारच वाढवला तर कुठलाही स्पून डोलायचं सोडून गरगर फिरू लागतो. तसं झालं की दोरीला पीळ बसतो आणि मासा पाठ फिरवतो. प्रत्येक स्पून खाली सोडण्याआधी बोटीच्या कडेला दोन मिनिटं पाण्यात धरून बघा. तिथे जसा डोलतो, तसाच खाली डोलणार आहे.

हूची म्हणजे माकुलाच्या आकाराचा मऊ प्लास्टिकचा गोंडा, आतून पोकळ, खाली झालर. जपानी व्यापारी मासेमारीतून आलेली ही वस्तू आज या किनाऱ्यावर घरोघरी आहे. नवशिक्याचा गोंधळ सगळ्यात जास्त इथेच होतो, कारण हूचीला स्वतःची हालचाल नसते. नुसती ओढली तर ती काठीसारखी सरळ येते. तिला जिवंत करतो तो फ्लॅशर.

फ्लॅशर हा साधारण अकरा इंच लांब, टोकांना वाकवलेला प्लास्टिकचा पट्टा. पुरेशा वेगाने ओढला की तो पूर्ण गोल फिरतो. त्याचे दोन उपयोग. एक, तो लांबवर उजेड फेकतो आणि पाण्यात धक्के पाठवतो. सॅमनच्या दोन्ही कुशींवरून जाणारी संवेदनरेषा जवळपासच्या पाण्याची ही हालचाल टिपते. माशाला वाटतं, कोणीतरी तिथे खातंय. दुसरा उपयोग जास्त महत्त्वाचा: प्रत्येक फेरीबरोबर फ्लॅशर मागच्या हूचीला एक झटका देतो. हूची बाजूला उडते, थांबते, पुन्हा उडते. भेदरलेलं माकूल असंच पळतं.

इथे लीडरची लांबी निर्णायक ठरते. लीडर म्हणजे फ्लॅशर आणि ल्यूर यांच्यामधला दोरीचा तुकडा. हूचीसाठी तो २८ ते ४२ इंच ठेवतात. आखूड केला तर झटके जोरदार बसतात आणि ते कोहोला आवडतात. चिनूकसाठी त्याच पट्ट्यातला लांब लीडर धरतात, कधी थोडा जास्तही. फारच लांब केला तर झटका वाटेतच विरून जातो आणि हूची पुन्हा काठी होते. याच कारणासाठी हूचीचा लीडर जाड, ताठ दोरीचा घेतात, चाळीस-पन्नास पौंडांच्या ताकदीचा. मासा तेवढा जड असतो म्हणून नव्हे. ताठ दोरी झटका पोचवते आणि मऊ दोरी तो गिळून टाकते.

स्पूनचं नेमकं उलट. त्याला स्वतःची चाल असल्यामुळे फ्लॅशरमागे तो चार ते सहा फुटांच्या लीडरवर मोकळा ठेवतात. स्पूनला हूचीसारखा आखूड लीडर बांधला तर फ्लॅशरचे झटके आणि स्पूनचं डोलणं एकमेकांत गुंततात आणि दोन्हींचा विचका होतो. दिवसभर ओढूनही काही लागत नसेल तर ल्यूर बदलण्याआधी लीडर मोजा, हे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. रंगांवर तासन् तास वाद घालणारे लोकही लीडर नजरेच्या अंदाजाने कापतात.

फ्लॅशरचा धाकटा भाऊ म्हणजे डॉजर. तो पूर्ण गोल फिरत नाही, फक्त डावी-उजवीकडे झुलतो, आणि मंद वेगाला चालतो. व्हँकुव्हर बेटावरच्या अल्बर्नी खाडीत सॉकाय धरणारे लोक गळ नसलेले जास्तीचे फ्लॅशरही पाण्यात सोडतात. चमकणाऱ्या थव्याच्या ओढीने सॉकाय जवळ येतात आणि मग छोटी गुलाबी हूची घेतात.

प्लग म्हणजे लाकडी किंवा प्लास्टिकचा माशासारखा ठोकळा. त्याच्या तोंडाशी तिरका काप असतो, म्हणून पाणी त्याला डावी-उजवीकडे ढकलतं. तो फ्लॅशरशिवाय, एकटाच, लांब दोरीवर चांगला चालतो. मोठ्या चिनूकचा नाद असलेल्यांनी दोन चांगले प्लग बाळगावेत.

बोट नसेल त्यांच्यासाठी जिग. सीसं किंवा धातूचा जड तुकडा किनाऱ्यावरून लांब फेकायचा, बुडू द्यायचा, छडी उचलून वर झटकायचा आणि पुन्हा पडू द्यायचा. मासा बहुतेकदा तो पडत असतानाच घेतो, म्हणून पडताना दोरी अगदी सैल सोडू नका. विषम वर्षाच्या ऑगस्टमध्ये सिॲटलचं लिंकन पार्क, व्हिडबी बेटावरचा बुश पॉइंट, किट्सॅपकडचा पॉइंट नो पॉइंट इथे पिंकसाठी माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात आणि बहुतेकांच्या दोरीला अर्धा ते एक औंसाची गुलाबी जिग असते. मुलाबाळांसह पहिला सॅमन धरायला याहून चांगली जागा नाही. खर्च कमी आणि शेजारचा माणूस शिकवायला तयार.

खरं आमिषही चालतं: डोकं तिरकं कापलेला हेरिंग, किंवा प्लास्टिकच्या टोपीत बसवलेली अँचोव्ही. कापाच्या तिरकेपणावर माशाची गिरकी ठरते. तो एक स्वतंत्र विषय आहे.

खोली, वेग आणि मग रंग

डाउनरिगरचा आकडा १०० फूट सांगतो म्हणजे गोळा १०० फुटांवर आहे असं नाही. तो तारेची लांबी मोजतो. पाण्याच्या दाबाने तार मागे झुकते. ती सरळ रेषेपासून ४५ अंश झुकली असेल तर खरी खोली सुमारे ७० फूटच असते. वेग वाढवला, ओहोटीच्या प्रवाहात शिरलात, गोळा हलका घेतला की ल्यूर वर उचलला जातो आणि तुम्हाला पत्ता लागत नाही. तळाजवळच्या चिनूकसाठी हा फरक जीवघेणा आहे.

वेगाबाबतही तसंच. जीपीएस जमिनीच्या संदर्भात वेग दाखवतो, ल्यूरला मात्र पाण्याच्या संदर्भातला वेग कळतो. प्रवाहाबरोबर जाताना जीपीएसवर ३ नॉट दिसत असतील आणि प्रवाह १ नॉटचा असेल, तर ल्यूरला २ नॉटच मिळतात. प्रवाहाविरुद्ध वळलात आणि तोच आकडा राखला, तर ल्यूर ४ नॉटने फरफटतो. म्हणून तारेच्या झुकण्याकडे बघून वेग ठरवावा. चिनूकला साधारण २ ते २.५ नॉट, कोहोला त्याहून थोडं जास्त चालतं, सॉकाय आणि पिंकला १ ते २ च्या दरम्यान. मासा वळणावर लागला तर तो मोठा इशारा आहे. बोट वळताना आतल्या बाजूचा ल्यूर मंदावतो आणि खाली उतरतो, बाहेरच्या बाजूचा वेग घेतो आणि वर चढतो. कोणत्या छडीला मासा लागला ते पाहा आणि पुढे सरळ जाताना तसाच वेग ठेवा.

आता रंग. पाणी उजेड गाळतं, आणि सगळे रंग सारखे गाळत नाही. लाल सगळ्यात आधी जातो. इथल्या हिरवट, प्लवकांनी भरलेल्या पाण्यात वरच्या १५-२० फुटांतच तो बहुतेक संपतो. मग नारिंगी, त्यानंतर पिवळा. सर्वांत खोल पोचतो तो हिरवा प्रकाश. १२० फुटांवर लाल ल्यूर माशाला काळपट-करडा दिसतो. म्हणून खोल पाण्यातल्या चिनूकसाठी हिरवा, पांढरा, पोपटी आणि अंधारात उजळणारे रंग. गुलाबी रंग वरच्या थरातल्या पिंक, कोहो आणि सॉकायसाठी. उजळणारा रंग टॉर्चने ‘भरावा’ लागतो आणि पाण्यात तो हळूहळू मंदावतो, तेव्हा ल्यूर वर घेतला की पुन्हा प्रकाश द्या. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा ‘कॉप कार’ स्पून किंवा जांभळट ‘पर्पल हेझ’ हूची अशी नावं दुकानात कानावर येतील. दोन्ही चांगली आहेत. पण तळ १५० फुटांवर असताना ४० फुटांवरून ओढलीत तर चिनूकसाठी दोन्ही सारखीच निरुपयोगी.

गळ: धरणारा आणि सोडणाराही

गळाचे आकडे पहिल्यांदा बघणाऱ्याला चक्रावून टाकतात. ८, ६, ४, २, १ असा आकडा उतरत जातो तसा गळ मोठा होत जातो. १ नंतर १/०, २/०, ३/० अशी उलटी चढण लागते आणि इथून पुढे आकडा मोठा तसा गळ मोठा. समुद्रातल्या सॅमनचं जग मुख्यतः १/० ते ५/० मध्ये आहे. पिंक आणि सॉकायच्या छोट्या हूचीला १/० ते ३/०, तीन-साडेतीन इंचांच्या स्पूनला ३/० च्या आसपास, मोठ्या स्पूनला आणि चिनूकच्या हूचीला ४/० किंवा ५/०. वेगवेगळ्या कंपन्यांचा ४/० अगदी एकसारखा नसतो, तेव्हा पाकिटावरच्या आकड्यापेक्षा टोक आणि दांडी यांच्यामधलं अंतर बघा. ल्यूरच्या जाडीपलीकडे माशाच्या जबड्यात रुतायला तिथे जागा उरली पाहिजे.

मोठा गळ म्हणजे भक्कम पकड, असा समज असतो. छोट्या स्पूनला जड गळ लावला तर शेपटीला वजन येऊन त्याचं डोलणंच मरतं. बोटीच्या कडेची ती दोन मिनिटांची परीक्षा गळासकट करायची असते.

आकार दोन. आखूड दांडीचा, नेढं मागे वळलेला ऑक्टोपस गळ लीडरवर थेट दांडीला दोरी गुंडाळून बांधतात, त्यामुळे ओढ दांडीच्या रेषेत येते. हूची आणि आमिषासाठी हाच. लांब दांडीचा, उघड्या नेढ्याचा एकेरी गळ स्पून आणि प्लगसाठी. नेढं कडीत अडकवून पकडीने दाबून बंद करायचं. स्पून आणि गळ यांच्यामध्ये एक छोटी फिरकी कडी घालणं फार मोलाचं आहे. कोहो गरगर फिरतो तेव्हा स्पूनचा पत्रा तरफेसारखा गळ उचकटून काढतो. मध्ये फिरकी असेल तर गळ मोकळा वळतो आणि पत्र्याचा जोर त्याच्यावर येत नाही.

हूचीत गळ कुठे बसतो हेही बघा. आत दोन-चार मणी घालून गळाचा बाक झालरीच्या टोकापाशी आणतात. फार वर राहिला तर मासा नुसती झालर कुरतडून जातो. बरेच लोक हूचीत एकामागे एक दोन गळ बांधतात. मी एकच बांधावा या मताचा आहे. दुसरा, लोंबता गळ अनेकदा डोळ्यात किंवा गालाबाहेर रुततो, आणि सोडायच्या माशाची तिथेच वाट लागते.

धार रोज तपासा. टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून सरकवा. रुतलं तर धार आहे, घसरलं तर कानशीने घासा किंवा गळ बदला. तळाला ओढलेला गळ खडकावर एकदा घासला तरी बोथटतो. स्टेनलेस गळ गंजत नाही, पण मासा दोरी तोडून गेला तर तो त्याच्या तोंडात दीर्घकाळ राहतो. उच्च-कार्बन पोलादाचा गळ जास्त धारदार मिळतो आणि खाऱ्या पाण्यात झिजून जातो. मी पोलादाच्या बाजूचा आहे. परत आल्यावर गोड्या पाण्याने धुवा आणि वाळवा, म्हणजे पेटीतल्या पेटीत गंजणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं: उलटा काटा. ब्रिटिश कोलंबियाच्या समुद्रात आणि वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावर सॅमनसाठी बिनकाट्याचा गळ सक्तीचा आहे. यामागचं कारण समजून घेतलं तर नियम जाचक वाटत नाही. प्युजेट साउंडचा जंगली चिनूक १९९९ पासून अमेरिकी संघीय कायद्याखाली संकटग्रस्त आहे. इथल्या ऑर्का देवमाशांचा दक्षिणेकडचा निवासी गट मुख्यतः चिनूकवर जगतो, आणि त्या गटात आज शंभर प्राणीही उरलेले नाहीत. दुसरीकडे, मत्स्यबीज केंद्रांत वाढवून सोडलेल्या अनेक सॅमनचा पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा मांसल पर लहानपणीच कापलेला असतो. अनेक भागांत आणि हंगामांत असा पर कापलेलाच चिनूक ठेवता येतो. पर शाबूत असेल तो जंगली समजायचा, परत पाण्यात. म्हणजे गळ टाकतानाच मान्य करायचं असतं की लागलेल्या माशांतले काही आपले नाहीत.

बिनकाट्याच्या गळाने मासे निसटतात ही तक्रार नेहमी ऐकू येते. दोरी ताणलेली ठेवली तर फारसे निसटत नाहीत. मासा बोटीकडे धावत आला की जलद गुंडाळा, छडी वाकलेली ठेवा, आणि कोहोच्या मऊ तोंडासाठी रिळाचा ब्रेक जरा सैल ठेवा. काट्याचा गळ घरी असेल तर काटा पकडीने पूर्ण चेपा आणि कापडावरून ओढून बघा. सूत अडकलं तर अजून काटा आहे.

कॅलिफोर्नियात याच विचारातून आणखी एक नियम आला. हॉर्स माउंटन ते पॉइंट कन्सेप्शन या पट्ट्यात ट्रोलिंगशिवाय, वाहत्या बोटीतून खरं आमिष लावून सॅमन धरायचा असेल, तर बिनकाट्याचे सर्कल गळ लागतात. वाहत्या आमिषाला मासा सावकाश गिळतो आणि साधा गळ त्याच्या घशात किंवा कल्ल्यांत जातो. सर्कल गळाचं टोक आत वळलेलं असतं. तो घशातून सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. फक्त छडीला झटका द्यायचा नसतो, हळूहळू दोरी ताणायची. एवढी काळजी घेऊनही २०२३ आणि २०२४ मध्ये तिथली समुद्रातली सॅमन मासेमारी पूर्ण बंद ठेवावी लागली, कारण नद्यांत परतणारे मासेच फार कमी झाले होते.

सोडायचा मासा बोटीत घेऊ नका. वॉशिंग्टनच्या समुद्रात जो सॅमन ठेवायला मनाई आहे तो बोटीवर आणणं हाच गुन्हा आहे. जाळ्यात घातला तरी खवले आणि वरचा चिकट थर निघून जातो. वाकड्या टोकाची लोखंडी काडी दोरीवरून सरकवत गळाच्या बाकापर्यंत न्या, दोरी खाली आणि काडी वर करा. गळ उलटा होतो आणि माशाच्या वजनानेच सुटतो. बिनकाट्याच्या गळाला यासाठी काही सेकंद लागतात आणि माशाला हात लावावा लागत नाही.

निघण्याआधी परवाना, पकड नोंदवायचं कार्ड आणि त्या दिवसाचे नियम तपासा. ब्रिटिश कोलंबियात कॅनडाचा संघीय मत्स्य विभाग नियम ठरवतो आणि सॅमन ठेवायचा असेल तर परवान्यावर वेगळं सॅमन तिकीट लागतं. वॉशिंग्टनमध्ये राज्याचा मत्स्य आणि वन्यजीव विभाग. एखाद्या भागाचा चिनूकचा वाटा संपला की तो भाग हंगामाच्या मध्येच बंद होतो, त्यामुळे गेल्या शनिवारी चालू असलेली जागा या शनिवारीही चालू असेल असं धरून चालू नका.